'अ' अम्मीचा का नसावा?

जून उजाडला की आमच्या भागातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक पीडीएफ फिरू लागते. सिनिअर केजीच्या मुलांनी दिवाळीपर्यंत ओळखायला शिकायचे 'साईट वर्ड्स': द, वॉज, सेड, ऑफ, देअर, व्हॉट असे शंभरेक शब्द. घरोघरी अम्मी, आपा, फुप्पी कामाला लागतात. जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेननं शब्द लिहिले जातात, पट्ट्या कापल्या जातात. मगरीबनंतर मकतबमधून परतलेल्या पाच वर्षांच्या पोराला समोर बसवून एकेक पट्टी त्याच्यापुढे धरली जाते. पोरगं पटापट ओळखतं. महिन्याभरात पन्नास शब्द होतात आणि घर खूश.

मी सोलापुरात सात वर्षं बालवर्गाला शिकवते. वर्गात निम्म्याहून जास्त मुलं मुसलमान घरातली, बाकीची मराठी, तेलुगू, कन्नड बोलणाऱ्या घरांतली. अशा पट्ट्या मीही वापरते, त्यामुळे पट्ट्यांना नावं ठेवण्यासाठी हा लेख नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की शब्द डोळ्यांनी ओळखण्याआधी तो कानात आणि तोंडात असावा लागतो. आपल्या मुलांच्या कानात आणि तोंडात शेकडो शब्द आहेत. ते शाळा मोजत नाही, आणि हल्ली आपणही मोजेनासे झालो आहोत.

आधी त्या यादीबद्दल. ती मुळात अमेरिकेतली. एडवर्ड डॉल्च या शिक्षणतज्ज्ञानं १९३६ साली मुलांच्या पुस्तकांत सतत येणारे २२० शब्द निवडले. त्यांत एकही नाम नाही. ९५ नामांची यादी त्यानं वेगळी केली. नामं पुस्तकागणिक बदलतात, पण 'द', 'ऑफ', 'वॉज' प्रत्येक पानावर भेटतात, म्हणून ते अडखळल्याशिवाय ओळखता यावेत, असा त्यामागचा साधा विचार. तो विचार चुकीचा नाही. फक्त डॉल्चसमोरचं मूल दोन वर्षांचं असल्यापासून हे शब्द बोलत होतं. 'वॉज' म्हणजे काय हे त्याला कुणी सांगावं लागत नव्हतं. कागदावरच्या खुणा आणि तोंडातला शब्द यांची गाठ तेवढी मारायची होती.

आमच्या वर्गातल्या मुलाकडे गाठ मारायला दुसरं टोकच नाही. 'द' घ्या. मराठीत त्याला प्रतिशब्द नाही, उर्दूत नाही, दखनीत नाही. 'द'चा अर्थ काय असं एखाद्या चिमुरड्यानं विचारलं तर काय सांगणार? मुलं विचारत नाहीत, कारण पट्टीला अर्थ असतो अशी त्यांची अपेक्षाच उरलेली नसते. मग ती आकार लक्षात ठेवतात. एक मुलगा 'सेड'ची पट्टी हमखास ओळखायचा. तोच शब्द फळ्यावर लिहिला तर गप्प. शोध घेतल्यावर कळलं की त्या पट्टीच्या कोपऱ्यावर तेलाचा डाग होता. पोरगं हुशार होतं, डाग वाचत होतं.

ही गंमत झाली, पण तिच्यामागे वाचनाचं एक मूलभूत सूत्र आहे. लिनिया एरी या अमेरिकन संशोधिकेनं शब्द एका नजरेत ओळखता येतात म्हणजे डोक्यात नेमकं काय घडतं यावर अनेक वर्षं काम केलं. त्यांच्या मांडणीनुसार आपण शब्दाचा फोटो साठवत नाही. शब्दातल्या अक्षरांची त्याच्या उच्चारातल्या आवाजांशी जोडणी होते, ती जोडणी अर्थाला चिकटते, आणि मग तो शब्द नजर पडताच उमटतो. 'सेड'मधली पहिली आणि शेवटची अक्षरं अगदी नियमानं वागतात. आडमुठी आहेत ती मधली दोन. तेवढीच लक्षात ठेवायची. 'कॅन', 'इट', 'डिड', 'अप' हे तर अक्षरांचे आवाज कळले की वाचताच येतात, ते पाठ का करायचे? सरसकट शंभर शब्द डोळ्यांत भरायला लावले की 'ऑन' आणि 'नो' एकच वाटू लागतात आणि 'सॉ'चं 'वॉज' होतं. पहिलीत पुस्तकाचं पान पुढ्यात आल्यावर हे उघडं पडतं. तेव्हा शेरा मिळतो, 'घरी लक्ष दिलं जात नाही.' रोज संध्याकाळी तासभर पट्ट्या धरून बसलेल्या आईला हे ऐकावं लागतं.

आता दुसरी बाजू. मध्यंतरी आमच्याकडे मुलांची चाचणी घ्यायला एक पाहुणे आले होते. त्यांनी कोंबडीचं चित्र दाखवलं आणि 'हे काय?' म्हणून विचारलं. मूल गप्प. कागदावर फुली. पाहुणे गेल्यावर त्याच मुलाला मी तेच चित्र दाखवलं आणि 'ये क्या है रे?' म्हटलं. त्यानं 'मुर्गी' म्हणून सुरुवात केली आणि नानीच्या घरची मुर्गी अंड्यांवर कशी बसते, जवळ गेलं तर कशी चोच मारते, चूजे किती दिवसांनी निघाले, मांजरानं एक कसा पळवला, हे सगळं सांगितलं. पाच मिनिटं बोलत होता. कोंबडीबद्दल त्याला पाहुण्यांपेक्षा जास्त माहिती असावी असा माझा अंदाज आहे. कागदावर मात्र त्याच्या शब्दसंपत्तीत एक शब्द कमी.

वाचायला शिकताना लागते ती ही पाच मिनिटांची शिदोरी. घटनेमागून घटना सांगता येणं, 'बसली', 'मारती', 'निकले' अशी क्रियापदं हाताशी असणं, कारण आणि परिणाम जोडता येणं. हे ज्या भाषेत आहे त्या भाषेत ते वाढवायचं आणि तिथून मराठीकडे, इंग्रजीकडे पूल बांधायचा. आपण उलटं करतो. शाळेतून सूचना येते की घरी मुलांशी इंग्रजीत बोला. बिचारी आई 'बेटा, वॉटर पी, हँड वॉश कर' सुरू करते. तिच्याकडे इंग्रजीचे तीसेक शब्द असतात, त्यामुळे मुलाशी होणारं बोलणंही तीस शब्दांचं होतं. गोष्ट बंद, नानीची कहाणी बंद, भांडणसुद्धा आखूड. ज्या वयात मुलाच्या कानावर हजारो शब्द पडायला हवेत, त्या वयात आपण घरातला नळ बंद करतो.

मराठी माध्यमात किंवा अंगणवाडीत गेलं तर भिंतीवर तक्ता असतोच. 'अ' अननसाचा, 'ई' ईडलिंबाचा, 'ए' एडक्याचा, 'ऐ' ऐरणीचा. ईडलिंबू मी स्वतः वयाच्या पंचविशीपर्यंत पाहिलं नव्हतं. एडका म्हणजे मेंढा. बकरी ईदच्या आधी आमच्या गल्लीत तो दारोदार बांधलेला असतो, मुलं त्याला पाला भरवतात, त्याचं नाव ठेवतात, पण त्याला एडका म्हणणारं कुणी भेटलं नाही. मराठी घरातल्या मुलालाही हे शब्द परकेच आहेत. आपल्या मुलाचं अंतर फक्त आणखी थोडं जास्त.

तक्त्यातला शब्द कशासाठी असतो? मुलानं चित्र बघून शब्द उच्चारावा, त्याचा पहिला आवाज पकडावा आणि तो अक्षराला जोडावा. शब्दच माहीत नसेल तर पकडणार काय? 'अ' शिकायला आलेल्या मुलाच्या तोंडात त्या दिवशी किमान पन्नास वेळा येऊन गेलेला शब्द असतो 'अम्मी'. 'अब्बा'ही 'अ'चाच. 'आ' आईचा आहेच, आणि आमच्याकडे 'आ' आपाचाही आहे. 'न' नळाचा आणि नानीचा. 'ख' खटाऱ्याचा असतो. खटारा बघायला आता कुठं जायचं? खजूर प्रत्येक घरात आहे. यात तक्त्यातून कुणाचं काही काढून टाकण्याचा विषय नाही. अननसाशेजारी अम्मी मावते.

मात्रा नसलेल्या शब्दांपासून सुरुवात करायची म्हणून पहिल्या पानांवर कमल, नमन, गवत, बदक असतात. हेही चांगलेच, पण शरबत, गरम, नरम, सडक, बरफ हेही बिनमात्रेचेच आहेत आणि ते मुलाच्या जिभेवर आहेत. एक काना आला की बाजार, नमाज, चादर वाचता येतात. चादर तर सोलापूरची. घरी तोच शब्द, शाळेत तोच, गावाच्या नावातही तोच. बाजार, दुकान, दरवाजा, जमीन, हवा, रुमाल... मराठी आणि आपल्या घरची बोली यांत असे शब्द पोत्यानं सापडतील. मी वर्षाच्या सुरुवातीला अशा सामाईक शब्दांनीच सुरुवात करते. मुसलमान मुलाला वाटतं मॅडम आपली भाषा बोलतात, मराठी मुलाला वाटतं आपली. दोघंही बरोबर असतात.

मग मराठीचे म्हणून जे सतत भेटणारे शब्द आहेत ते येतात. आपल्याकडे त्यांना 'साईट वर्ड्स' म्हणत नाहीत, पण आहे, नाही, आणि, मी, माझा, काय, कुठे हे शब्द बाराखडी पूर्ण होईपर्यंत थांबवून ठेवले तर वर्षभर एक वाक्य वाचता येणार नाही. आमचे लाडके चार म्हणजे ये, जा, दे, घे. यांतले 'जा' आणि 'दे' दखनीतही तसेच्या तसे. 'ये'च्या जागी 'आ' आणि 'घे'च्या जागी 'ले' एवढाच फरक. पट्टी दाखवायची आणि मुलानं ती कृती करायची. 'जा' दाखवला की धूम पळतात, परत आणायला 'ये' दाखवावा लागतो. इथं अर्थ आधीच शरीरात असतो, म्हणून शब्द दोन-तीनदा बघितला की बसतो.

देवनागरी अक्षर बहुतेक ठिकाणी लिहिल्यासारखंच वाचलं जातं, म्हणून ती सोपी, असं म्हणायची पद्धत आहे. पण व्यंजनं आणि मात्रा यांची जुळणी धरली तर मुलापुढे चारशेच्या घरात आकृत्या असतात, जोडाक्षरं वेगळीच. सोनाली नाग यांनी कन्नड वाचायला शिकणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासात दिसलं की अक्षरांवर पकड येण्याची प्रक्रिया पहिली-दुसरीत संपत नाही, पुढं चालूच राहते. मराठीची घडणही तशीच आहे. म्हणजे केजीच्या पोराला बाराखडी आली नाही म्हणून रडवण्याचं कारण नाही. त्यात आपल्या मुलांच्या घरच्या बोलीत 'ळ' आणि 'ण' नाहीत. ती 'बाल' म्हणतात, 'पानी' म्हणतात. त्याला हसणारी मोठी माणसं मी पाहिली आहेत. हसू नये, आधी कानाला फरक ऐकू यायला हवा, मग जिभेला जमतो. उलट ज्या मुलाच्या तोंडात 'नमाज़'चा 'ज़' आहे, त्याला मराठीतल्या 'जग'मधला 'ज' पटकन सापडतो. ही जमेची बाजू कुणी लिहून ठेवत नाही.

मकतबचा विषय टाळून हा लेख पुरा होणार नाही. आमच्या वर्गातलं पाच वर्षांचं मूल सकाळी डावीकडून उजवीकडे दोन लिप्या शिकतं आणि संध्याकाळी उजवीकडून डावीकडे तिसरी. मोठ्या माणसांना हे ओझं वाटतं. माझा अनुभव असा की लिपी किती यापेक्षा प्रत्येक ठिकाणी वाचन म्हणजे काय समजलं जातं याचा परिणाम जास्त होतो. कायदा शिकलेल्या मुलाला ज़बर, ज़ेर, पेश कळलेले असतात. एकाच अक्षराला खूण बदलली की आवाज बदलतो हे त्याला ठाऊक असतं. मात्रा शिकवताना मी सरळ म्हणते, 'ज़ेर जैसा ही है, बस बाजू में बैठता है.' काम होतं. आणि नाज़रा पढताना अर्थ न समजता उच्चार नेमका करणं अपेक्षित असतं. त्या पठणाचा स्वतःचा उद्देश आहे, अदब आहे. प्रश्न तेव्हा येतो जेव्हा शाळेतली इंग्रजी पट्टीही मूल त्याच पद्धतीनं पढतं. त्याला तिन्ही ठिकाणी वाचन म्हणजे आवाज काढणं एवढंच भेटलं, तर कागद आपल्याशी काही बोलतो हे त्याला कळणार कधी? निदान एका भाषेत, शक्यतो घरच्या, त्याला ते लवकरात लवकर कळावं.

न्यूझीलंडमध्ये माओरी मुलांना शिकवणाऱ्या सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर यांनी हेच वेगळ्या वाटेनं केलं. सरकारी वाचनमालेतले ब्रिटिश वळणाचे शब्द मुलांना महिनोन्‌महिने येईनात. मग त्या रोज प्रत्येक मुलाला विचारू लागल्या, आज तुला कोणता शब्द हवा? मुलांनी मागितलेले शब्द भीतीचे होते, मायेचे होते, घरातल्या भांडणांचे होते, आणि ते एकदा बघून पाठ होत. १९६३ साली आलेल्या त्यांच्या 'टीचर' या पुस्तकात हे सगळं आहे. आपल्याकडे ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीत बालवाडीचं काम सुरू केलं तेव्हा शाळाच वस्तीच्या अंगणात नेली, शिंपले, पानं, बिया यांची साधनं केली. माँटेसरीची महाग लाकडी साधनं त्यांना परवडणारी नव्हती, आणि त्या मुलांना ओळखीची तर नव्हतीच. अंगण मुलाचं असेल तर शब्दही मुलाचा हवा, एवढंच मी त्यात जोडीन.

मी तीन वर्षांपासून रोज एका मुलाला एक शब्द मागायला सांगते. आमच्या पेटीतले शब्द ऐका: जेसीबी (सर्वांत लोकप्रिय), बिर्याणी, पतंग, जिन, सायकल, मेहंदी, दवाखाना. एका मुलीनं 'दुबई' मागितला. तिचे अब्बा तिथं आहेत. बाराखडीच्या हिशोबानं तिला उकार शिकवायला अजून दोन महिने होते आणि सुटा 'ई' तर तक्त्यावर ईडलिंबाखाली लपलेला. तिनं पट्टी घरी नेली. दुसऱ्या दिवशी खाऊ बांधून आणलेल्या वर्तमानपत्राच्या तुकड्यावर तिनं विमान कंपनीच्या जाहिरातीतला 'दुबई' बोट ठेवून दाखवला. त्या आठवड्यात तिनं 'दुकान' आणि 'दुध' स्वतःहून ओळखले. शुद्धलेखनवाले 'दूध' दीर्घ म्हणतील; ते नंतर बघू. वर्गात आता 'ई'ला सगळेच दुबईचा 'ई' म्हणतात.

२०२५च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदी सक्तीची करणारा शासन निर्णय निघाला तेव्हा महाराष्ट्रात मोठी चर्चा झाली आणि जूनअखेर सरकारला तो मागे घ्यावा लागला. लहान मुलांवर तिसऱ्या भाषेचं ओझं नको हा मुद्दा रास्तच होता. त्या चर्चेत एक गोष्ट मला ऐकू आली नाही: ज्यांच्या घरी मराठी बोलली जात नाही त्यांच्यासाठी मराठीच दुसरी आहे आणि इंग्रजी तिसरी. २०२०चं राष्ट्रीय शिक्षण धोरण शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवा म्हणतं. पण आपल्या घरची भाषा कोणती? फॉर्मवर आपण उर्दू लिहितो. घरी बोलतो दखनी, कोकणात कोकणी, आणि कितीतरी घरांत चक्क मराठीच. आपणच जिला 'बिगडी हुई ज़बान' म्हणतो तिची दखल सरकारनं घ्यावी अशी अपेक्षा कशी करणार?

माझ्या या बोलण्यावर हमखास येणारा आक्षेप तरुण मित्रांचाच असतो. दखनीनं नोकरी मिळणार का? मुलांना पुन्हा मोहल्ल्यातच डांबायचं का? अजिबात नाही. या मुलांना उत्तम मराठी यावी, इतकी की कुणी 'तुम्ही मराठी छान बोलता' असं आश्चर्यानं म्हणणार नाही. इंग्रजीही यावी. त्या वाटेवरची पहिली पायरी कुठली, एवढ्यावरच माझा आग्रह आहे. नानीच्या मुर्गीची गोष्ट दखनीत सांगून झाल्यावर 'आता मराठीत सांगू या का?' म्हटलं की तेच मूल कोंबडी, पिल्लू, उबवणं हे शब्द एका बैठकीत घेतं, कारण गोष्ट त्याचीच असते. शब्द अडकवायला खुंटी असते.

तुमच्यापैकी अनेक जण कॉलेजात आहेत, घरात लहान भाऊ-भाची आहे, काही जण मोहल्ल्यात अभ्यासिका चालवतात. पट्ट्या बनवायच्याच असतील तर आधी दोन दिवस त्या मुलाचं बोलणं कान देऊन ऐका आणि त्याच्या तोंडचे तीस शब्द वहीत उतरवा. त्यांच्या पट्ट्या मराठीत करा, उर्दू येत असेल तर मागच्या बाजूला उर्दूत. इंग्रजी पट्टी एकटी देऊ नका, 'द'ला कधीच एकटं सोडू नका. 'द कॅट', 'द बस' असं बोलून, चित्रासकट द्या. आणि अम्मीला सांगा की तिनं तिच्या भाषेत गोष्ट सांगणं हाही अभ्यास आहे. हे तिला शाळेकडून कुणी सांगत नाही.

आमच्या वर्गाचा नवा तक्ता आम्ही मुलांसोबत बनवतोय. 'अ'ला अम्मी आणि अननस दोघंही आहेत. 'ण'वर गाडी अडली होती, कारण 'ण'नं सुरू होणारा शब्द मराठीत मिळत नाही आणि बाण कुणाच्या घरी नाही. मटण लावावं असं अर्ध्या वर्गाचं ठाम मत होतं, उरलेल्या अर्ध्याचा तेवढाच ठाम विरोध. शेवटी पाणी ठरलं. पाणी सोलापुरात सगळ्यांच्याच घरी येतं, काही दिवसांआड का होईना.